कथाकाराची उमेदवारी

ह्या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्यासाठी बहुधा प्राध्यापक मंडळींना पाचारण करण्यात येते. नववीत शाळा सोडलेल्या आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात पायपीट केलेल्या माणसास चालकांनी बोलावले, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. तो संपण्यापूर्वीच आमची शाळा सुटली. पुढे एका लहानशा कारखान्यात लेथवर काम शिकलो आणि चाळीतल्या मोफत वाचनालयात वाचायला शिकलो. तेव्हा जो इतिहास आम्ही सांगणार तो राजेरजवाड्यांचा नसून एका कारागिरीचा आहे. गोष्ट लिहिण्याची कारागिरी मराठीत कोण, कोणाकडून आणि कशी शिकले, एवढाच आमचा विषय.

कारखान्यात नवा पोरगा येतो तेव्हा त्याला कोणी "तुझ्या अंगी लोखंडाची प्रतिभा आहे काय?" असे विचारीत नाही. त्याला उस्तादाच्या हाताखाली उभे करतात. प्रथम तो झाडलोट करतो, पाने-पक्कड हातात देतो, कानस कशी धरायची ते पाहतो. हळूहळू त्याचा हात बसतो. जुनी माणसे ह्याला 'उमेदवारी करणे' म्हणत. निवडणुकीच्या उमेदवारीशी तिचे नाते नाही. लेखनाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे वेगळाच समज आहे. सरस्वती प्रसन्न झाली तर माणूस लिहितो, नाही तर नाही, असे सर्रास मानले जाते. हा समज ज्यांच्या घरी चार पिढ्या पुस्तके आहेत त्यांना परवडतो. ज्यांच्या घरी पहिले पुस्तक मुलाच्या दप्तरातून आले त्यांना तो परवडत नाही.

हा प्रश्न आम्हांस पडण्याचे कारण साधे आहे. संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी येणाऱ्या कामगारांपैकी दर वर्षी दोघेचौघे तरी शाळकरी वही घेऊन येतात. बोनसचे, बदलीचे बोलणे आटोपले की वही पुढे सरकते आणि हलक्या आवाजात प्रश्न येतो, "भाऊ, हे गोष्टीसारखं झालंय का बघा." कित्येक वर्षे आमच्यापाशी ह्यावर दोनच उत्तरे होती. एक, "लिहीत राहा." दुसरे, "विचार नीट मांडा." पहिल्या उत्तराने काही समजत नाही आणि दुसऱ्याने नुकसान होते, हे आम्हांस उशिरा कळले. मग आम्ही जुन्या पुस्तकांकडे वळलो.

दोन यमुना

मराठी कादंबरीचा आरंभ बहुतेक अभ्यासक बाबा पदमनजी ह्यांच्या 'यमुनापर्यटन' ह्या १८५७ सालच्या पुस्तकापासून धरतात. ह्यातली यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते. ठिकठिकाणी तिला विधवांची दैना दिसते. एकीची कथा संपते तो दुसरीची पुढे येते. पुढे यमुनेवरही वैधव्य ओढवते आणि अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. लेखकाची कळकळ खरी होती. ज्या गोष्टीबद्दल घरात दबक्या आवाजातही कोणी बोलत नव्हते ती त्याने छापून काढली, हे धैर्य लहान नव्हे. परंतु पुस्तक वाचताना आपण एका फिरत्या चौकशी समितीबरोबर हिंडत आहोत असे वाटते. साक्षी पुष्कळ होतात. निकाल मात्र आधीच लिहून ठेवलेला असतो.

त्यानंतर सुमारे तेहतीस वर्षांनी दुसरी एक यमुना मराठीत आली. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. हिच्या नायिकेचे नावही यमूच. विषयही तोच : बालपणीचे लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. परंतु आपट्यांनी एक गोष्ट बदलली. त्यांनी कथा यमूच्याच तोंडी घातली. ती आपल्या माहेरच्या आठवणींपासून सुरुवात करते. घरातली माणसे, त्यांचे रागलोभ, स्वयंपाकघरातली कुजबुज, वडील माणसाची पावले वाजली की पसरणारी शांतता, हे सारे ती घरच्या बायकांच्या बोलीत सांगते. विधवांची स्थिती वाईट आहे असे तिला कोठे सिद्ध करावे लागत नाही. शंकरमामंजींच्या घरात तिचे केस उतरविले जातात, तोपर्यंत ती आपल्या घरची मुलगी झालेली असते.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तेव्हा आम्हांस ह्या विद्येचा पहिला धडा मिळाला. तो असा, की लिहायला बसण्यापूर्वी 'काय सांगायचे' ह्याच्या आधी 'कोणाच्या तोंडून सांगायचे' हे ठरवावे. ज्याचे काही जाणार आहे त्याच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आणि बाजूला उभे राहून पाहणाराने सांगितलेली गोष्ट, ह्यांत साक्षीदार आणि बातमीदार ह्यांच्याइतका फरक असतो. आपटे पुरुष होते आणि पुण्यातल्या सुशिक्षित वर्गातले होते. यमूचे दुःख त्यांनी स्वतः भोगले नव्हते. तरी तिची बोली त्यांनी कान देऊन ऐकली होती. ऐकण्याला पर्याय नाही, हा त्या धड्याचा उत्तरार्ध होय.

येथे एक योगायोग नमूद केला पाहिजे. 'करमणूक' निघाले त्याच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची आठवड्याची सुट्टी मिळाली. त्या कामगारांपैकी 'करमणूक' वाचणारे किती असतील? फारच थोडे, बहुतेकांस अक्षरओळखच नव्हती. तथापि आमच्या दृष्टीने ह्या दोन घटना एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. एका टोकाला दर आठवड्याला पुढचे प्रकरण लिहून देणारा लेखक आणि दुसऱ्या टोकाला आठवड्यातून एक दिवस ज्याचा स्वतःचा झाला असा माणूस. ही दोन टोके जुळायला पुढे अर्धे शतक लागले.

साप्ताहिकानेही लेखकाला शिकविले. प्रकरण संपले की वाचक आठ दिवस मोकळा. त्याने पुढचा अंक हाती घ्यावा एवढे कुतूहल मागे ठेवणे ही लेखकाची जबाबदारी. ह्या शिस्तीचा तोटाही झाला. जागा भरायची म्हणून पाल्हाळ वाढला, आणि आपट्यांच्या चाहत्यांनीही तो दोष कबूल केला आहे. पण वाचक ही गृहीत धरण्याची वस्तू नव्हे, हे मराठी लेखक येथे शिकला.

योगायोगाचे चलन

आता थोडे मागे जाऊ. 'यमुनापर्यटना'नंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली. हिच्या पठडीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या पुढे बरीच वर्षे लोकप्रिय होत्या. त्यांत सज्जनांवर संकटे येतात, ताटातूट होते, दुष्ट माजतात. आणि नेमक्या वेळी कोणी तरी भेटते, काही तरी उघडकीस येते आणि सर्वांचे मीलन होते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली आली आणि कादंबरीचे पाय इतिहासाच्या जमिनीला लागले, तरी योगायोगाची हौस काही सुटली नाही.

ह्या पुस्तकांची टिंगल करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही, कारण वहीत गोष्ट लिहून आणणारा प्रत्येक नवा लेखक पहिल्या खेपेस 'मुक्तामाला'च लिहितो. नायक अडचणीत सापडतो. मग त्याला लॉटरी लागते, किंवा मालकाचा मुलगा अचानक सद्गुणी निघतो, किंवा हरवलेला भाऊ आयत्या वेळी फलाटावर भेटतो. लेखकाची इच्छा चांगली असते. आपल्या माणसाचे बरे व्हावे असे त्याला वाटते. परंतु वाचकाला फसविल्यासारखे होते. कारण त्याच्या स्वतःच्या अडचणीत असा भाऊ कधी भेटलेला नसतो.

योगायोग आयुष्यात नाहीत असे नव्हे. कारखान्याच्या दारात कोणाची कोणाशी गाठ पडावी हा योगायोगच असतो. म्हणून आमचा व्यवहारी नियम असा : योगायोगाने माणसाला संकटात घालावे, पण संकटातून बाहेर काढू नये. संकटातून निघायचे तर त्याने आपल्या हातापायांनी निघावे, किंवा निघू नये. ह्या नियमाचे सर्वांत चांगले उदाहरण पुढे येणार आहे.

पोथी आणि तिच्या मर्यादा

कथालेखन ही शिकता येण्यासारखी विद्या आहे असे मराठीत सर्वांत ठासून सांगितले ते ना. सी. फडके ह्यांनी. त्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले. कथानकाची बांधणी, आरंभ, गुंतागुंत, उत्कंठा, शेवट ह्यांची चर्चा एखाद्या यंत्राचे भाग उलगडून दाखवावे तशी त्यांनी केली. फडके 'कलेसाठी कला' म्हणणारे आणि वि. स. खांडेकर 'जीवनासाठी कला' म्हणणारे, हा वाद पुढे फार गाजला. आमच्या गोटात फडक्यांचे नाव आदराने घेतले जात नसे. आम्हीही तरुणपणी त्यांचे पुस्तक न वाचताच त्यांना नावे ठेवली आहेत.

वाचले तेव्हा मत बदलले. तंत्र शिकता येते, असे जो म्हणतो तो नकळत सर्वांसाठी दार उघडतो; दैवी देणगी मानणारा ते बंद करतो. फडक्यांचे नायक-नायिका बहुधा सुशिक्षित पांढरपेशे असतील, त्यांच्या जगात घामाचा वास नसेल; तरी हत्यार हे हत्यार असते. पटाशीने देव्हारा घडतो तसा बाकही घडतो.

पोथीची मर्यादा दुसरीकडे होती. गोष्ट कशी बांधावी हे तिने सांगितले. माल कोठून आणावा हे सांगितले नाही. तो माल आणायला काही लेखक घराबाहेर पडले. मामा वरेरकरांनी १९३३ च्या 'धावता धोटा'त गिरणीचे जग आणले. विभावरी शिरूरकर ह्या नावाने लिहिणाऱ्या मालती बेडेकरांनी सोलापूरच्या वसाहतीत काम केले होते. सरकारने 'गुन्हेगार' असा शिक्का मारलेल्या जमातींना जेथे तारेच्या कुंपणात ठेवीत ती ही वसाहत. तेथे पाहिले त्यातून १९५० साली 'बळी' उभी राहिली. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं' लिहिली आणि १९५५ साली 'बनगरवाडी'. माडगूळकरांपासून एक बारीक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांची माणसे माणदेशी बोलतात, पण निवेदन साध्या, स्वच्छ मराठीत चालते. बोली नेमकी ऐकलेली असल्यामुळे दोन शब्दांतही माणूस ओळखू येतो. पानभर बोली लिहूनही माणूस उभा राहत नसेल, तर ती ऐकलेली नाही, नुसती रंगवलेली आहे, असे समजावे.

विशेषणांची छाटणी

आता थोडा वेळ महाराष्ट्राबाहेर, रशियात जाऊ. जाण्याचे कारण आहे : आमच्या चळवळीत वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या लेखकांचा उस्ताद मॅक्झिम गॉर्की हा होता. १८६८ साली जन्मलेला हा माणूस शाळेत नाममात्र गेला. त्याने बोटीवर भांडी घासली, बेकरीत कणीक मळली आणि मिळेल ते वाचून स्वतःला घडविले. १८९८ साली त्याच्या कथांचे खंड प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव झाले. त्याने ते चेखॉव्हकडे पाठवून मत मागितले. चेखॉव्ह त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा आणि तोवर नामांकित. त्याने स्तुती केली, पण दोष लपविला नाही. तुझ्या लिखाणात संयम नाही, असे त्याने कळविले. आणि पुढच्या वर्षी सांगितले, की मुद्रिते तपासताना नामांना आणि क्रियापदांना लटकलेले शब्द शक्य तेथे काढून टाक. विशेषणांची इतकी गर्दी झाली की वाचकाचे मन शिणते. माणूस गवतावर बसला, एवढे म्हटले की चित्र तत्काळ दिसते. त्याच वाक्यात त्याची उंची, छाती, दाढी आणि गवताची दशा कोंबली की दिसायला वेळ लागतो, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ.

गॉर्कीने राग मानला नाही. पुढे तो स्वतः उस्ताद झाला. १९२८ साली त्याने आपण लिहायला कसे शिकलो ह्यावर निबंध लिहिला आणि १९३० साली नव्या, मुख्यत्वे कामगार-शेतकरी वर्गांतून आलेल्या लेखकांसाठी एक मासिक काढले. त्याच्या नावाचा अर्थच 'साहित्याचा अभ्यास' असा होता.

चेखॉव्हचा हा सल्ला आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी कामगार न्यायालयात शिकलो. संघटनेत नवे होतो. एका कारखान्यात प्रेसवर अपघात होऊन एका पोराची बोटे गेली. तक्रारअर्ज आम्ही लिहिला. 'निर्दय', 'रक्तपिपासू', 'माणुसकीला काळिमा फासणारे' असे शब्द त्यात ठासून भरले आणि मोठ्या अभिमानाने आमच्या वृद्ध वकिलांपुढे ठेवला. त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन एकेक विशेषण खोडले. मग विचारले, "पाळी कोणती? किती वाजले होते? प्रेसचा नंबर काय? जाळी कधीपासून काढलेली होती? ती काढा म्हणून कोणी सांगितले?" आम्हांस निम्मे ठाऊक नव्हते. परत कारखान्यात गेलो, विचारून आलो. नवा अर्ज एका पानाचा झाला. त्यात कोणाला शिवी नव्हती. पण तो वाचून झाल्यावर विरुद्ध बाजूचे वकील बराच वेळ काही बोलले नाहीत. विशेषण हे बहुधा माहितीच्या अभावी घातलेले ठिगळ असते. ज्याला जाळी केव्हा काढली ते ठाऊक असते त्याला 'निर्दय' म्हणावे लागत नाही.

चौकातली शाळा

ह्या सर्व धाग्यांची गाठ मराठीत एका माणसाच्या ठायी पडली. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले. शाळेत ते दीड दिवस गेले असे सांगतात. लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईला आले, पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. मराठी वाचक त्यांना महाराष्ट्राचे गॉर्की म्हणू लागले. उपमा ठीक आहे. पण गॉर्कीला चेखॉव्ह भेटला तसा अण्णांना कोण भेटला, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो.

आमचे उत्तर असे, की अण्णांचा चेखॉव्ह चौकात उभा होता. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लोकनाट्ये घेऊन ते गिरणगावात आणि खेडोपाडी फिरले. समोर बसलेला प्रेक्षक पाळी संपवून आलेला असे. त्याच्या पाठीत कळ असे, डोळ्यांवर झोप असे. शाहीर उगाच एक कडवे लांबवू लागला की तो बिडी ओढायला उठे. पुस्तकाचा वाचक कंटाळला तर लेखकाला कळत नाही. चौकातला कंटाळला तर पाठ दिसते. ही शाळा आपट्यांच्या साप्ताहिकाहून कडक होती. तेथे आठ दिवस मिळत, येथे आठ क्षणही मिळत नसत. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आणि गोष्ट सांगणारा माणूस ह्यांची गाठ अशी ह्या चौकात पडली.

ह्या शाळेत शिकलेला हात 'स्मशानातील सोनं' ह्या कथेत दिसतो. भीमा नावाचा वारणाकाठचा दांडगा गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लेक आहे. एके दिवशी प्रेताच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. हा योगायोग, आणि तो भीमाला वर काढीत नाही, खाली खेचतो. भीमा रात्री स्मशानात हिंडून राख चाळू लागतो. पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. तीतून तो सुटतो, पण सोने शोधण्यासाठी प्रेताच्या तोंडात घातलेली बोटे जबड्यात अडकतात आणि पुढे ती कापावी लागतात. दगड फोडणाऱ्या माणसाची बोटे गेली. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली.

हा शेवटही योगायोगच आहे. 'मुक्तामाला'च्या काळच्या लेखकाने खाण एक दिवस आधी सुरू केली असती आणि भीमाला वाचविले असते. अण्णांनी ती एक दिवस उशिरा सुरू केली. तोच योगायोग, पण चलन उलटे. कथेत मालकवर्गावर व्याख्यान नाही, घोषणा नाही. खाण का बंद पडली ह्याची चर्चा नाही. ती बंद पडते आणि सुरू होते, एवढेच; आणि तेवढ्यात सगळे येते. लेखक स्वतः कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता होता. घोषणा त्याला येत नव्हत्या असे नव्हे. पोवाड्यात कोठे घोषणा द्यायची आणि कथेत कोठे तोंड मिटायचे, हे त्याला कळत होते. १९५९ साली त्यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा वारले.

त्यांच्या मागोमाग १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो आणि ती उघड होते तेव्हा मार खातो. येथेही 'मी' बोलतो. आपट्यांनी दुसऱ्याचा 'मी' कान देऊन ऐकला होता. आता ज्याचे जात होते तोच लिहायला बसला. बागुलांनी स्वतः रेल्वेत नोकरी केली होती. दोन यमुनांपासून सुरू झालेला रस्ता येथे येऊन पोचतो.

आमची चूक

इतका इतिहास सांगण्याचा अधिकार आम्हांस एका चुकीने मिळाला आहे. ती सांगितल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पंचवीस वर्षांपूर्वी एका पत्राकारखान्यातला मदतनीस आमच्याकडे वही घेऊन आला. सातारा जिल्ह्यातला, सातवी शिकलेला. वहीत आठ पानांची गोष्ट होती. रात्रपाळीत एकाचा हात मशिनीत जातो. लोक त्याला रिक्षात घालून नेतात. बाकीचे परत कामाला उभे राहतात. पहाटे पाळी सुटते तेव्हा निवेदकाला त्या माणसाचा जेवणाचा डबा कोपऱ्यात दिसतो. तो न उघडलेला डबा घरी नेऊन द्यायचा की आतले अन्न फेकून, धुऊन न्यायचा, ह्यावर तो आणि दुसरा एक कामगार दाराशी उभे राहून बोलत राहतात. गोष्ट तेथे संपत होती.

आम्हांस ती अपुरी वाटली. संघटनेच्या वार्षिक अंकात ती छापण्यापूर्वी आम्ही तिला 'सुधारले'. बोली काढून पुस्तकी मराठी घातली. मधे शोषणावर दोन परिच्छेद लिहिले. डब्याचे बोलणे आम्हांस क्षुल्लक वाटले. ते गाळून शेवटी मोर्चा काढला, झेंडा फडकविला. अंक निघाला. त्याला एक प्रत दिली. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "ब्येस झालंय भाऊ. पर आता त्ये तुमचं झालं."

त्यानंतर त्याने काही लिहून आणले नाही. मोर्चाला येई, वर्गणी देई, पण वहीचा विषय काढला की हसून बाजूला होई. पुढे कारखाना बंद पडला, तो गावी गेला. मूळ वही आम्ही छापखान्यात दिली होती. ती परत मागून घेतली नाही. म्हणजे त्याची गोष्ट आज कोठेही नाही. आहे ती आमची, आणि ती वाचवत नाही.

मालकाने एखाद्याच्या घामाचा माल आपल्या नावावर विकला तर आम्ही दारात घोषणा देतो. आम्ही केले ते ह्याहून किती वेगळे होते, हे आम्हांस ठरविता आलेले नाही.

नव्या उमेदवारास

आता वही घेऊन कोणी आले की आम्ही ती हाती घेत नाही. त्यालाच मोठ्याने वाचायला सांगतो. जेथे त्याचा आवाज अडखळतो तेथे बहुधा वाक्य उसने असते. वर्तमानपत्रातून, भाषणातून किंवा सिनेमातून आलेले. जेथे तो नकळत गावच्या हेलात वाचू लागतो तेथे गोष्ट जिवंत असते. पेन्सिल त्याच्याच हातात राहते.

मग आम्ही चारच प्रश्न विचारतो. ही गोष्ट कोण सांगतो आहे, आणि ह्यात त्याचे काय जाणार आहे? हे यमूने शिकविले. तुझा माणूस संकटातून कोणाच्या हातांनी सुटतो? हे भीमाने शिकविले. ह्या वाक्यातले विशेषण काढले तर त्या जागी तुला कोणती माहिती आणावी लागेल? हे चेखॉव्हने आणि आमच्या वकिलांनी शिकविले. आणि चौथा प्रश्न, जो त्या मदतनिसाने शिकविला : गोष्ट तुझ्या मते कोठे संपते? तेथेच ती संपू दे. ऐकणाराला आणखी काही हवे असेल तर ते त्याने आपल्या मनाशी पुरे करावे.

ह्या प्रश्नांनी अण्णा भाऊ तयार होत नाहीत, हे आम्ही जाणतो. कानस धरायला शिकविल्याने प्रत्येक जण उस्ताद होत नाही. परंतु उमेदवारीची सोयच नसेल तर उस्ताद व्हायचा तोही झाडलोट करीतच म्हातारा होतो. सांप्रत गिरणगावात चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. ज्यांनी त्या गिरण्या चालविल्या त्यांच्यापैकी पुष्कळ जण गेले. जे आहेत ते गावी किंवा दूरच्या उपनगरात आहेत. साचेखात्यात कांडी कशी भरीत, बदलीवाला भोंग्याच्या आधी दारात कसा उभा राहत असे, संप लांबला तेव्हा घरात प्रथम कोणती वस्तू विकली, हे त्यांच्या तोंडीच आहे. आज घरोघर माल पोचविणारी पोरे आणि ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्या बाया ह्यांच्याही गोष्टी अद्याप वहीत उतरायच्या आहेत.

म्हणून ह्या व्यासपीठावरून आमची एकच सूचना आहे. वाचनालयांनी आणि संघटनांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा वाचनासाठी मोकळी ठेवावी. एक खोली, एक दिवा आणि मधे न बोलता ऐकणारी चार माणसे, एवढाच खर्च आहे. आमच्या कचेरीत बुधवारी ही बैठक भरते. मागच्या बुधवारी एका सुरक्षारक्षकाने तीन पाने वाचली. चौथे लिहून होताच पुन्हा येतो म्हणाला. वही त्याची त्यानेच परत नेली आहे.